कायद्याने आई

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर एक तक्ता लावलेला असायचा. कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी तो १५६३ साली तयार केला. पुढे १६०४ च्या चर्च-नियमांनी तो प्रत्येक गावच्या चर्चमध्ये, सगळ्यांना दिसेल असा, गावाच्या खर्चाने लावणं सक्तीचं केलं. मग तो प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरही छापला जाऊ लागला. दोन रकाने. एकात पुरुषाने कोणाशी लग्न करायचं नाही त्यांची यादी, दुसऱ्यात बाईने कोणाशी करायचं नाही त्यांची. दोन्हीकडे तीस-तीस नाती. पुरुषांची यादी आजीपासून सुरू होते. लांबलेल्या प्रवचनात कंटाळलेल्या पोरांनी पिढ्यान्पिढ्या हा तक्ता वाचला, आणि आजीशी लग्न करायची बंदी वाचून तोंडात रुमाल कोंबून हसू दाबलं.

मी मात्र तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच्या रचनेपाशी थांबले. नाती तीन-तीनच्या गटांत येतात. आजी, आजोबांची बायको, बायकोची आजी. आई, सावत्र आई, बायकोची आई. मुलगी, बायकोची मुलगी, मुलाची बायको. बहीण, बायकोची बहीण, भावाची बायको. अशा गटांत एक रक्ताची आणि तिच्या शेजारी, तिच्याच मापाच्या, दोन लग्नाने आलेल्या. 'मदर-इन-लॉ' हा शब्द त्या तक्त्यात कुठेच नाही. पण त्या शब्दाचा अर्थ तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका कुठल्या शब्दकोशात दिसणार नाही.

आपल्याकडे 'इन-लॉ' म्हटलं की कोर्ट, नोंदणी, सही-शिक्के असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि मग 'यांची नाती बघा, कागदावरची!' असा शेरा हमखास येतो. तो शेरा मला अन्यायाचा वाटतो. त्यातला 'लॉ' हा राजाचा किंवा संसदेचा कायदा नव्हे. तो चर्चचा धर्मकायदा, आणि तोही विवाहाचा. नॉर्मन राजवटीनंतर इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयांत जी फ्रेंच बोलली जात होती तिच्यातून 'विवाहाच्या कायद्यानुसार' अशी शब्दयोजना आली, आणि इसवी सन १३०० च्या आसपास 'ब्रदर-इन-लॉ' आणि त्या शतकात पुढे 'फादर-इन-लॉ' हे शब्द इंग्रजीत लिहिलेले सापडू लागतात. अर्थ असा: ही बाई तुझ्या बायकोची आई आहे, तर धर्माच्या लेखी ती तुझी आई. उद्या बायको वारली तरी तिच्याकडे तू दुसऱ्या कोणत्याही नजरेने पाहायचं नाहीस, कारण आईकडे कोणी तसं पाहत नाही.

या कायद्याच्या मुळाशी एक धर्मश्रद्धा होती. नवरा-बायको लग्नानंतर एकदेह होतात. आपण बायकोला अर्धांगी म्हणतो आणि पुढे चालू लागतो, पण मध्ययुगीन धर्मशास्त्र्यांनी त्या एकदेहाचा हिशोब शेवटपर्यंत नेला. देह एक झाला तर तिचं रक्त ते माझं रक्त, तिची बहीण ती माझी बहीण, तिची आत्या ती माझी आत्या. एके काळी ही बंदी नात्याच्या सातव्या पायरीपर्यंत जायची. लहान गावात कोणीच कोणाला चालेना अशी अवस्था झाली. शेवटी १२१५ साली पोप तिसरे इनोसंट यांच्या काळात रोमच्या लॅटरन राजवाड्यात भरलेल्या धर्मसभेने ती मर्यादा चौथ्या पायरीवर आणली. 'इन-लॉ' हे शब्द रुजू लागले ते या सभेनंतरच्या शंभरेक वर्षांत, याचा मला फार अर्थ वाटतो. लोकांच्या मनात तेव्हा हा कायदा ताजा होता.

त्याआधी इंग्रजीत ही नाती नव्हती का? होती, आणि त्यांची नावं ऐकली तर मराठी माणूस चकित होईल. जुन्या इंग्रजीत सासू म्हणजे 'स्वेगर', सासरा 'स्वेओर', सून 'स्नोरु'. आपल्या सासू-सासऱ्यांचं मूळ संस्कृतातल्या श्वश्रू आणि श्वशुरात, सुनेचं स्नुषेत. स्नुषा आणि स्नोरु शेजारी ठेवल्या की कान आपोआप टवकारतात. लॅटिनमध्ये सासरा 'सोकेर', सून 'नुरुस'. रशियनमध्ये सून आजही 'स्नोखा' आहे आणि नवऱ्याचा भाऊ 'देवेर'. संस्कृतात देवर, आपल्याकडे दीर. जुन्या इंग्रजीत हाच दीर 'ताकोर' या रूपात होता. दहाचा 'टेन' आणि दोनचा 'टू' ज्या नियमाने झाला, त्याच नियमाने या दिराच्या 'द'चा 'त' झाला. दोघा भावांच्या बायकांना, म्हणजे जावांना, संस्कृतात यातृ म्हणत. आपली जाऊ तिथून आली, आणि लॅटिनमध्येही जावांसाठी याच मुळाचा शब्द होता.

या सगळ्या भाषा एका घरातून निघाल्या हे आता शाळेतही शिकवतात. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त विचारात पाडते. त्या मूळ घरातून जे शब्द सगळीकडे पोचले ते कोणाच्या तोंडचे आहेत पाहा: नवऱ्याचे वडील, नवऱ्याची आई, नवऱ्याचा भाऊ, नवऱ्याची बहीण, दिराची बायको. हे नव्या नवरीचे शब्द आहेत. बायकोकडच्या माणसांसाठी इतकी जुनी आणि इतकी सर्वत्र सापडणारी नावं मिळत नाहीत. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा गवताळ प्रदेशात एक मुलगी आपलं घर सोडून परक्या घरात आली, आणि त्या घरातल्या प्रत्येक माणसाला काय म्हणायचं हे तिला शिकावं लागलं. नवऱ्याला तिच्या माहेरच्यांसाठी तेवढे शब्द लागले नाहीत, कारण तो तिथे राहायला गेला नाही. दीर, नणंद, जाऊ हे शब्द मी रोज वापरते, पण ते किती बायकांच्या जिभेवरून माझ्यापर्यंत आले याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

इंग्रजीने ते शब्द गमावले. जर्मनने निदान काही राखले, तिथे सासू अजून 'श्वीगरमुटर' आहे. इंग्रजीत स्वेगर, स्नोरु, ताकोर सगळे विझले आणि त्यांच्या जागी आई, बहीण, मुलगी याच रक्ताच्या शब्दांना शेपूट लावून नवे शब्द आले. शब्दांची श्रीमंती गेली हे खरंच. पण जे आलं त्यात एक गोष्ट जुन्या शब्दांत नव्हती: समानता. पार्करच्या तक्त्यात पुरुषाच्या तीस नात्यांसमोर बाईची तीस आहेत. नवऱ्याची आई आणि बायकोची आई, दोघींना एकच शब्द, एकच मान. आपल्याकडे जावयाची सासू आणि सुनेची सासू शब्दाने एकच, पण त्या दोन नात्यांत जमीन-अस्मानाचं अंतर. धर्मकायद्याला ते अंतर मान्य नव्हतं. चर्चने बायकांना फार उदारपणे वागवलं असं मुळीच नाही, पण नात्यांच्या या हिशोबात दोन्ही पारडी सारखी ठेवली.

स्कॉटलंडच्या बोलीत याला आणखी एक गोड पर्याय होता. तिथे सासूला 'गुड-मदर' म्हणत, मेहुण्याला 'गुड-ब्रदर'. फ्रेंच लोक आजही सासूला 'सुंदर आई' आणि सासऱ्याला 'सुंदर बाबा' म्हणतात, डच भाषेतही 'सुंदर आई'च आहे. मानाने बोलायची ती जुनी रीत. फ्रेंचमध्ये सावत्र आईलाही हाच शब्द.

इंग्रजीतही बराच काळ तसंच होतं. जेन ऑस्टेनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या (१८११) सुरुवातीलाच मरणाच्या दारात असलेले वडील पहिल्या बायकोच्या मुलाला विनवतात, की तुझ्या 'मदर-इन-लॉ'कडे आणि बहिणींकडे लक्ष ठेव. ती त्याची सासू नव्हे, सावत्र आई. डिकन्सचा सॅम वेलरही आपल्या बापाच्या दुसऱ्या बायकोला 'मदर-इन-लॉ'च म्हणतो. आजच्या वाचकाचा तिथे गोंधळ उडतो. तक्त्यातला तो गट आठवला की गोंधळ राहत नाही: आई, सावत्र आई, बायकोची आई. एक जन्माची, बाकी दोन्ही कायद्याने आई. 'स्टेप' हा सावत्रपणाचा वेगळा शब्द इंग्रजीत फार जुना आहे. त्याचा मूळ अर्थ पोरका. सावत्र मूल म्हणजे आधी आई किंवा बाप गमावलेलं मूल. 'इन-लॉ' त्या पोरकेपणाविषयी काही बोलत नव्हता, नवं माणूस आता तुझं आहे एवढंच सांगत होता. पुढे दोन शब्दांनी कामं वाटून घेतली.

आता या शब्दांची किंमत. ती माणसांनी मोजली, आणि ते वाचताना मला सगळ्यात जास्त गुंतायला झालं.

आठव्या हेन्रीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती सहा बायकांची. सुरुवात झाली ती या नात्याच्या प्रश्नावरून. त्याचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये वारला. आर्थरची विधवा, अॅरागॉनची कॅथरीन, हिच्याशी लग्न करायला हेन्रीला पोपची खास परवानगी लागली, कारण भावाची बायको म्हणजे बहीण. लग्न १५०९ मध्ये झालं. मुलगा जगला नाही, मन दुसरीकडे वळलं, तेव्हा राजाला आठवलं की बायबलच्या 'लेवीय' या पुस्तकात भावाच्या बायकोशी संबंध निषिद्ध आहे. पण त्याच बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात उलट आज्ञा आहे: भाऊ निपुत्रिक वारला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करावं. युरोपातल्या विद्यापीठांत पंडित यावर भांडले. १५३३ मध्ये आर्चबिशप क्रॅनमर यांनी ते लग्न मुळातच रद्द ठरवलं, आणि इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. वीस वर्षांहून जास्त काळ राणी म्हणून नांदलेल्या बाईला सांगण्यात आलं, की तू बायको नव्हतीसच, तू वहिनी होतीस.

राजांचं एक वेळ सोडा. खरा छळ झाला तो बायकोच्या बहिणीचा. घरोघरी हेच घडे: बाळंतपणात बायको गेली, मागे तान्हं मूल, आणि मुलाला सांभाळायला तिची धाकटी बहीण आली. आपल्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी उरो. आपल्याकडे अशा घरात मेहुणीशीच लग्न लावून देण्याचा सल्ला चार वडीलधारी माणसं उघड देत. इंग्लंडमध्ये ते पाप होतं. वाफेच्या इंजिनात जेम्स वॅटचे भागीदार असलेले मॅथ्यू बोल्टन यांनी १७६० मध्ये दिवंगत पत्नीच्या बहिणीशी लग्न केलं. जेन ऑस्टेनचा धाकटा भाऊ चार्ल्स आरमारात होता. त्याची बायको फॅनी १८१४ मध्ये वारली, आणि १८२० मध्ये त्याने तिची बहीण हॅरिएट हिच्याशी लग्न केलं. तोवर अशी लग्नं अर्धवट चालत. दोघांच्या हयातीत कोणी चर्चच्या कोर्टात गेलं तरच मोडत, नाहीतर टिकत. म्हणजे प्रत्येक अशा घरावर एखाद्या रागावलेल्या चुलत्याची टांगती तलवार.

१८३५ मध्ये लॉर्ड लिंडहर्स्ट यांच्या कायद्याने ही अनिश्चितता संपवली, पण कशी? झालेली लग्नं पक्की केली आणि पुढची सगळी मुळातच बेकायदा. बोफोर्टच्या ड्यूकने बायकोच्या सावत्र बहिणीशी लग्न केलं होतं, त्याच्या वारसाचा हक्क वाचवायला हा कायदा आणला असं तेव्हाच बोललं गेलं. एका सरदाराच्या मुलाची सोय झाली आणि पुढे सत्तरहून अधिक वर्षं हजारो सामान्य घरांची गैरसोय.

चित्रकार विल्यम होलमन हंट यांची हकीकत वाचताना मला राहून राहून वाईट वाटतं. १८६५ मध्ये त्यांनी फॅनी वॉ हिच्याशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये, मुलगा झाल्यावर काही आठवड्यांत, ती गेली. तिच्या थडग्याचं काम हंट यांनी स्वतः केलं. पुढे फॅनीची धाकटी बहीण ईडिथ आणि हंट यांचं मन जुळलं. दोन्ही घरांनी दारं बंद केली. मधली बहीण अॅलिस हिचा नवरा, शिल्पकार टॉमस वुलनर, हंट यांचा जिवलग मित्र होता. दोघे साडू. वुलनरने त्यांच्याशी बोलणं कायमचं टाकलं. १८७५ मध्ये हंट आणि ईडिथ यांनी स्वित्झर्लंडमधल्या नुशातेल इथे लग्न केलं आणि तिथून जेरुसलेमला गेले. चित्रकार जॉन कॉलियर यांनी शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांची एक मुलगी वारल्यावर दुसरीशी १८८९ मध्ये लग्न केलं, तेही नॉर्वेला जाऊन. मुलीचे वडील स्वतः बरोबर गेले होते. ज्यांच्याकडे बोटीच्या तिकिटाचे पैसे होते त्यांनी हे केलं. कारखान्यातल्या मजुराला स्वित्झर्लंड कुठलं? तो शेजारच्या गावी जाई, जिथे कोणी ओळखत नसे, आणि पाद्र्यापुढे खोटं बोले.

ही बंदी उठवायचं विधेयक १८४२ मध्ये पहिल्यांदा आलं आणि पडलं. मग येतच राहिलं, पडतच राहिलं. १८८२ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी आपल्या संगीत नाटकात त्याला दरसाल उठणारा फोड म्हटलं, आणि प्रेक्षकांना अर्थ सांगावा लागला नाही. विरोध करणाऱ्या बिशपांचं म्हणणं मी अनेकदा तपासून पाहिलं, कारण ते नुसतं कर्मठ नव्हतं. ते म्हणत, आज मेहुणी भावोजींच्या घरात निर्धास्त राहू शकते, कारण ती कायद्याने त्यांची बहीण आहे. उद्या ती लग्नाला मोकळी झाली, की बहीण आजारी असताना तिला त्या घरात राहणं मुश्किल होईल. या युक्तिवादात दम आहे, नाही असं नाही. पण आई गेलेल्या पोराला मावशीच हवी असते, आणि मावशीला त्या घरात राहायचं तर काही स्थान हवं असतं, हेही तेवढंच खरं. मी त्या काळी असते तर विधेयकाच्या बाजूने उभी राहिले असते.

१९०७ मध्ये ते मंजूर झालं. तेव्हा हंट ऐंशीच्या घरात होते. पाद्र्यांना असं लग्न लावायला नकार देण्याची मुभा ठेवली होती. एका धर्मगुरूने अशा एका नवऱ्याला पवित्र भोजनच नाकारलं, खटला झाला, थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १९१२ मध्ये धर्मगुरू हरला. भावाच्या विधवेशी लग्नाची परवानगी यायला मात्र १९२१ उजाडलं. मधे पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं, घराघरातले भाऊ परतले नव्हते.

या इतिहासातून इंग्रजीतल्या एका जुन्या कोड्याचं उत्तर मला सापडलं असं वाटतं. इंग्रजीत व्याही-विहिणींना शब्द का नाही? स्पॅनिशमध्ये आहे, ज्यूंच्या यिद्दिशमध्ये आहे, आपल्याकडे तर विहिणीवाचून लग्नाची पंगत उठत नाही. धर्मकायद्याचं एक सूत्र होतं: लग्नाने जुळलेल्या नात्यातून पुढे आणखी नातं निघत नाही. बायकोची रक्ताची माणसं माझी, पण त्यांची सासरची माणसं माझी नव्हेत. ही दुसऱ्या-तिसऱ्या हाताची नाती १२१५ च्या सभेने मोडीत काढली होती. म्हणून दोघे भाऊ दोघी बहिणींशी लग्न करू शकत, आणि मुलाचे सासरे विधुर असतील तर नवऱ्याच्या विधवा आईने त्यांच्याशी लग्न करायलाही चर्चची हरकत नव्हती. जिथे बंदी नाही तिथे 'इन-लॉ' नाही. साडू आणि जावांना हा शब्द नंतर ओढूनताणून लावला गेला, आणि इंग्रज माणूस तिथे अजून अडखळतो.

हे अडखळणं मी पाहिलेलं आहे. माझ्या मुलीचं सासर इंग्लंडमध्ये, लीड्सजवळ. तिच्या सासूबाई मोठ्या मायाळू. शेजाऱ्यांशी माझी ओळख करून देताना त्या दर वेळी 'माझ्या मुलाच्या बायकोची आई' अशी लांबलचक माळ ओवत. मी त्यांना विहीण शब्द सांगितला, अर्थ सांगितला, दोन लग्नांत विहिणीचे रुसवे कसे काढतात तेही सांगितलं. तेव्हापासून त्या मला 'माय विहीण' म्हणतात. त्यांच्या उच्चारात 'ण'चा 'न' होतो. मला तो फार प्रिय आहे.

आपल्याकडची व्यवस्था नेमकी उलट्या दिशेने गेली. माझी आई तिच्या सासऱ्यांना मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. मामंजी म्हणजे कोण? मामा. ज्या समाजांत आत्याच्या मुलाला मुलगी देण्याची पद्धत होती तिथे सासू ही खरीच आत्या, आणि सासरे आत्याचे यजमान. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पद्धतींमधला दुवा म्हटलं ते अशाच रीतींमुळे. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीण, लग्न अशक्य. दक्षिणेत ती हक्काची. आपण मधे. इंग्रजीने परक्याला लग्नानंतर आई म्हणायला लावलं, तर आपण जी आधीच आत्या होती तिला सासू केलं, आणि जिथे ती आत्या नव्हती तिथेही तिला आत्याबाईच म्हणत राहिलो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही हे पाहायला मिळतं. त्याने भावाची बायको निषिद्ध नात्यांत घातली, आते-मामेभावंडंही घातली, आणि मग रूढी असेल तर चालेल अशी वाट ठेवली. बायकोच्या बहिणीचं नाव त्या यादीत नाही. ज्या नात्यावर ब्रिटिश संसद पासष्ट वर्षं भांडली, त्याला दिल्लीत कोणी हातही लावला नाही.

'इन-लॉज' असं नुसतं शेपूटच नाम म्हणून वापरायची रीत नवी आहे. १८९४ च्या ब्लॅकवुड्स मासिकात ते सापडतं, आणि तिथे ही शब्दयोजना राणी व्हिक्टोरियाची असल्याचं म्हटलंय. खरं-खोटं देव जाणे. नऊ मुलं, नऊही लग्न झालेली, अर्ध्या युरोपातले राजे-सरदार व्याही. त्या बाईला या सगळ्यांसाठी एखादा आटोपशीर शब्द हवासा वाटला असेल तर नवल नाही.

त्यानंतर कायदा हळूहळू या शब्दांतून निघून गेला. १९६० मध्ये घटस्फोटित बायकोच्या बहिणीशी लग्न मोकळं झालं. १९८६ मध्ये आणखी काही बंधनं सुटली. सासरा आणि पूर्वीची सून, किंवा सासू आणि पूर्वीचा जावई, एवढी एक मोठी बंदी उरली होती, अटींसह. अशाच एका जोडप्याने स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, २००५ मध्ये ते जिंकले, आणि २००७ मध्ये तीही गेली. पार्करच्या तक्त्यातली रक्ताची माणसं, आणि अटींसह काही सावत्र नाती, तेवढी आता जागेवर आहेत. जपानमध्ये जोडीदार वारल्यावर सासरच्यांशी नातं संपल्याचा अर्ज सरकारदरबारी देता येतो. जर्मन कायदा बरोबर उलट सांगतो: लग्न मोडलं तरी त्यातून जुळलेलं हे नातं चालूच राहतं. मला जर्मनांचं म्हणणं पटतं. घटस्फोटानंतरही जुन्या सासूच्या आजारपणात धावून जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न त्या सासूला कधी पडलेला दिसला नाही.

बायबलमधल्या रूथची गोष्ट या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. मवाब देशात नामीचा नवरा आणि दोन्ही मुलं वारतात. उरतात ती सासू आणि दोन तरुण विधवा सुना. नामी त्यांना सून म्हणून हाक मारत नाही, 'माझ्या मुलींनो' म्हणते, आणि माहेरी परत जा म्हणून सांगते. अर्पा रडून, सासूचा मुका घेऊन जाते. तिला कोणी दोष देत नाही. रूथ जात नाही. नातं जोडणारा माणूस मातीत गेलेला, तिला थांबवणारा कुठलाही कायदा नाही, तरी ती सासूबरोबर बेथलेहेमला चालत येते, परक्यांच्या शेतात सरवा वेचते आणि म्हातारीला खाऊ घालते. पुढे नवऱ्याच्या नात्यातल्या बवाजाशी तिचं लग्न होतं आणि मुलगा होतो. रक्ताच्या हिशोबाने त्या मुलाचा नामीशी काहीही संबंध नाही. पण शेजारणी जमतात आणि नामीला म्हणतात, तुझी ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. आणि मग गल्लीभर सांगत सुटतात, नामीला मुलगा झाला.